हौस आणि पोट

आमच्या बोदवडहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरिकेचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद, ‘एका कोळियाने’, वर्गात निघाला की मुले कान टवकारतात. ८४ दिवस रिकाम्या हाताने परतलेला म्हातारा आणि त्याच्या गळाला लागलेला १८ फुटी मार्लिन! त्याचाच भाऊबंद सेलफिश; पाठीवर शिडासारखा पर मिरवणारा. हौशी मंडळी भाड्याची बोट करून त्याच्यामागे जातात, झुंजतात आणि पुष्कळदा त्याला सोडूनही देतात.

“सोडायचाच तर धरायचा कशाला, सर?” एका मुलीने विचारले.

उत्तर मागच्या बाकावरून आले, “ती त्यांची हौस. म्हातारा जातो तो आमच्या बापासारखा. कापूस बुडाला तरी पुन्हा पेरायला!”

पडून पुन्हा चढणाऱ्या किड्यालाही आपण कोळीच म्हणतो. पुलंच्या शीर्षकाचा अर्थ त्या पोराने बरोबर सांगितला.