मुखपाक आणि १५ दिवसांची मर्यादा

‘तोंड आले आहे’ एवढ्या शब्दांवर आपल्याकडे औषध दिले जाते. गडब परिसरातील माझ्या चिकित्सालयात येणारा असा रुग्ण बहुधा औषधी दुकानातील एखादी डबी संपवूनच आलेला असतो. बहुतेकांचे त्यात काही बिघडत नाही. जागरण, पित्तप्रकोप, मलावष्टंभ यांतून उद्भवलेले व्रण त्रिफळा क्वाथाच्या गंडूषाने, जाईच्या पाल्याने वा मधातील ज्येष्ठमधाने आठ-दहा दिवसांत भरून येतात. पुष्कळदा काही न करताही भरतात, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

प्रश्न आहे तो न भरणाऱ्या व्रणाचा. काही वर्षांपूर्वी एक वयस्क भगिनी जिभेच्या कडेला क्षत घेऊन आल्या. मशेरीची सवय जुनी होती. वेदना जवळजवळ नव्हती, म्हणून मी निर्धास्त राहिलो. टोकदार दात घासत असेल असे समजून खदिरादी वटी व इरिमेदादी तेल दिले, आणि पुन्हा दिले. त्यात सहा आठवडे गेले. कडा बोटाला कठीण लागल्या तेव्हा कुठे त्यांना परळच्या टाटा रुग्णालयात पाठविले. निदान कर्करोगाचे झाले. हातमोजा घालून बोट फिरविण्यास अर्धे मिनिट लागते. ते मी पहिल्या दिवशी केले नव्हते.

सुश्रुताचार्यांनी असाध्य मुखरोग वेगळे काढून सांगितले आहेत. जिव्हागत अलास व तालुगत अर्बुद त्यांतच येतात. साध्यासाध्य विचार हे ज्यांच्या शास्त्राचे अंग, त्यांना रुग्ण पुढे पाठविण्यात कमीपणा का वाटावा? ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज तर आपणच खोडून काढला पाहिजे.

दोन आठवड्यांत न भरलेला व्रण तज्ज्ञाकडे गेलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कठीण कडा, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, मानेतील गाठ, किंवा तोंडात तीन बोटे न मावणे, यांपैकी काही आढळल्यास तेवढेही थांबू नये. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तंबाखू आणि सुपारी मात्र टपरीवर आहेतच.

औषधी दुकानदार बंधूंना आणखी एक विनंती. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले, तर तोंडभर व्रण उठतात आणि रक्तपेशीही घटू शकतात. अशा रुग्णास वटी देऊन घरी पाठविणे घातक ठरेल. चालू औषधे विचारावीत. दुसरी डबी मागणाऱ्यास व्रण किती दिवसांचा आहे, हेही विचारावे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, अशी शंका काहींना येईल. एखादे जाईलही.

माझ्याकडे आता मुखपाकाच्या केसपेपरवर व्रण प्रथम दिसल्याची तारीख लाल शाईने लिहिली जाते.