डबा पुरू नका, मस्टर उघडे ठेवा!



राष्ट्राचा उत्सव जवळ आला की सरकारला काहीतरी पुरायची नाहीतर उभारायची हुक्की येते. १५ ऑगस्ट १९७३ रोजी अशीच हुक्की आली होती. स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली म्हणून दिल्लीत लाल किल्ल्याच्या आवारात, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते, एक धातूचे भांडे तीसएक फूट खोल जमिनीत गाडण्यात आले. त्याला नाव दिले ‘कालपात्र’. आत स्वतंत्र भारताचा इतिहास घातला होता. हजार वर्षांनी कुणीतरी खणून काढील आणि वाचील, असा हिशेब!

पण आत लिहिले काय, हे ज्यांचा तो इतिहास त्या जनतेलाच सांगायला सरकार तयार होईना. संसदेत ओरड झाली, वर्तमानपत्रांत ओरड झाली. विरोधक म्हणाले, हा एकाच घराण्याचा उदोउदो आहे. १९७७ साली सरकार बदलले आणि डिसेंबरात नव्या सरकारने ते भांडे उकरून वर काढले. हजार वर्षांचा वायदा सव्वाचार वर्षांत निकालात निघाला.

आणि उकरणाऱ्या सरकारचे पंतप्रधान कोण? मोरारजी देसाई! १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर मुंबईत गोळ्या झाडल्या, तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले तेच मोरारजी. एकाने पुरायचे, दुसऱ्याने उकरायचे, आणि ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या त्या गिरणगावाने रस्त्यावर उभे राहून बघायचे!

आपल्या हुतात्म्यांचा हिशेब बघा. कुणी १०५ म्हणतो, कुणी १०६, कुणी १०७. ऐकायला वाईट वाटते खरे, पण मोजणी वाढू शकली ती कशामुळे? हुतात्मा चौकातले स्मारक जमिनीच्या वर आहे म्हणून. राहिलेले नाव कुणाला तरी आठवले, त्याने विचारले, भांडला. तीच यादी तीस फूट खोल पुरली असती, तर चूक हजार वर्षे चूकच राहिली असती.

कालपात्र पुरले त्याच वर्षीचा उन्हाळा आपल्या मराठवाड्याने कसा काढला, ते जालन्याच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, गुरे बाजारात मातीमोल गेली, आणि बागायतदाराची सूनसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. खायला सुकडी, नाहीतर मिलो. संध्याकाळी मस्टरवर अंगठा. रोजगार हमीची योजना या महाराष्ट्रात जन्मली ती त्या खडीतून. त्या अंगठ्यांची मस्टरे हा या मुलखाचा खरा इतिहास होता. दिल्लीच्या भांड्यात एखादे मस्टर ठेवावे असे कुणाला सुचले असेल, असे आम्हांला तरी वाटत नाही.

मस्टर ही कारकुनी बाब आहे, असे समजू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला. गिरण्या बसल्या, जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले. मग वर्षानुवर्षे मोर्चे काढल्यावर सरकारने घरे द्यायचे कबूल केले. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज किती? घरांच्या कितीतरी पट! आणि प्रत्येकाला प्रश्न एकच : १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तू गिरणीच्या पटावर होतास, याचा पुरावा दाखव. तिकीट नंबर आण, लाल पास आण, ईएसआयचा नंबर आण, हजेरीपत्रक आण, पगाराची पावती आण. तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस मी गिरणीत होतो हे शाबीत करायला दारोदार हिंडला. गिरणी बंद, टाइमकीपर वारला, रजिस्टर रद्दीत. इतिहास हजार वर्षे टिकावा म्हणून धातूचे भांडे घडवणाऱ्या राज्यकर्त्यांना तीस वर्षांचा कागद सांभाळता आला नाही!

हे मुंबईचे झाले. जालन्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. बंधूंनो, आपल्या एमआयडीसीत भट्ट्यांत रात्रंदिवस भंगार वितळते आणि त्याच्या सळया होतात. त्या भंगारात कुठल्या गिरणीचा माग होता, कोण सांगणार? लोखंडाला नाव नसते, ठीक आहे. पण भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसालाही नाव नाही, त्याचे काय? बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला असो की परतूर-मंठ्याचा असो, त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत. ठेकेदार बदलला की वही गेली. सूत, सरकी, सळई, कुठल्याही खात्यात जा, रड हीच.

स्वातंत्र्याला ७५ वर्षे २०२२ साली झाली, मराठवाडा मुक्तीला २०२३ साली. २०३५ साली महाराष्ट्र राज्याला ७५ होतील, २०४७ ला स्वातंत्र्याला शंभर. तेव्हा पुन्हा कुणाला तरी डबा पुरायची बुद्धी होणारच. त्यासाठी चांगले पोलाद लागले तर जालना देईल, फुकट देईल! पण आधी आमची मागणी ऐका. बंद पडलेल्या आणि चालू असलेल्या प्रत्येक गिरणीचे, कारखान्याचे, ठेकेदाराचे मस्टर सरकारने ताब्यात घ्यावे, त्याची नक्कल जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी, आणि कामगाराला, त्याच्या विधवेला, त्याच्या लेकराला ती अर्ज करताच बघता यावी. कुदळ लागता कामा नये.

तोवर आपले काम आपण करायचे. या पगाराला स्लिप मागून घ्या; नाही दिली तर तारखेनिशी लिहून ठेवा. पीएफचा नंबर बायकोला पाठ करायला सांगा. कुणाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांचा लाल पास असेल, तिकीट असेल, दुष्काळी कामाची चिठ्ठी असेल, तर तिची नक्कल काढून सभेला आणून द्या. मूळ कागद मात्र कुणाच्या हाती देऊ नका, सरकारच्याही नाही, आमच्याही नाही.