धडधड म्हणजे संगीत नव्हे

हजार-दीड हजारांच्या वायरलेस इअरबड्सच्या खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते एकदा सलग वाचून बघा. ५० तास प्लेबॅक. १३ मिलिमीटर ड्रायव्हर. ब्लूटूथ ५.३. चार माइक. गेमिंग मोड. दहा मिनिटं चार्ज केलं की कित्येक तास चालणार. आता या यादीत आवाजाबद्दल काय आहे ते शोधा. एकच शब्द सापडेल: बेस. कधी डीप, कधी एक्स्ट्रा, कधी थंडरिंग. ऐकण्याची वस्तू विकताना ती ऐकायला कशी आहे, हे सांगायची गरज कुणालाच वाटत नाही. आणि आपल्यालाही विचारायची गरज वाटत नाही.

स्वस्त बड्सचा आवाज वाईट असतो कारण ते स्वस्त असतात, असं आपण धरून चाललोय. माझं म्हणणं आहे की हे साफ खोटं आहे. त्यांचा आवाज तसा असतो कारण कुणीतरी तो तसा ठेवायचं ठरवलेलं असतं.

आधी त्या आकड्यांकडे बघू. ५० तास हे डबीतल्या बॅटरीसकट असतात. कानातला बड एका चार्जवर त्याच्या बऱ्याच कमी वेळ चालतो. ड्रायव्हर १३ मिलिमीटरचा आहे म्हणून तो १० मिलिमीटरवाल्यापेक्षा चांगला, हे म्हणजे पातेलं मोठं म्हणून आमटी चांगली म्हणण्यासारखं आहे. ब्लूटूथच्या आवृत्तीचा संबंध जोडणी आणि बॅटरीशी जास्त, आवाजाच्या दर्जाशी फारसा नाही. ‘ईएनसी’ म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू जावा याची सोय. तुमच्या कानात येणारा गोंगाट कमी करणारं तंत्र वेगळं, ते ‘एएनसी’. एका अक्षराचा फरक, आणि किती जणांनी पहिलं घेतलं ते दुसरं समजून! एमआरपी ४,९९० वर काट मारून १,१९९ लिहिलेलं असतं, त्यावर तर बोलायलाच नको. ४,९९० ला ती वस्तू कुणी कधी घेतली असेल का?

मग आवाज ठरतो कशावर? ट्यूनिंगवर. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. यातला कुठला भाग किती वर ठेवायचा आणि किती खाली, हे ड्रायव्हरमागची पोकळी, हवेची बारीक भोकं, जाळी आणि चिपमधलं इक्वलायझर मिळून ठरवतात. खालचे स्वर प्रमाणाबाहेर वाढवले की ते वरच्या स्वरांना झाकून टाकतात. हा कानाचाच गुणधर्म आहे. शब्दांचा स्पष्टपणा मात्र मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे डग्गा घुमवायच्या नादात चाटीचा ‘ना’ जातो, तानपुऱ्याची जवारी जाते आणि गाणाऱ्याच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखं वाटतं. मी वापरलेल्या एका जोडीत किशोरीताईंचा भूप ऐकताना तानपुरा होता की नव्हता, हेच कळत नव्हतं. कुठेतरी पंखा चालू असावा, एवढंच वाटत होतं.

चिपमध्ये बेस दहा डेसिबलनं वाढवायला जेवढा खर्च येतो, तेवढाच तो न वाढवायला येतो. किंमत हे इथे कारणच होऊ शकत नाही. पुरावा हवा असेल तर वायरवाल्या इअरफोन्सकडे बघा. मूनड्रॉप या चिनी कंपनीनं २०२२ मध्ये ‘चू’ नावाचा इअरफोन साधारण २० डॉलरला आणला आणि त्याच्या समतोल आवाजाचं जगभरच्या चोखंदळ ऐकणाऱ्यांनी कौतुक केलं. बड्समध्ये बॅटरी, चिप आणि डबीचा खर्च वाढतो हे खरं. पण ट्यूनिंग करणाऱ्याची समज त्या खर्चात वाहून जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पब्लिकला हेच आवडतं.’ खरंच? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून पसंती तपासली. बहुसंख्य लोकांना, तयार कानाच्या आणि साध्याही, साधारण सारखाच समतोल आवाज आवडला. त्यात बेस थोडा वाढवलेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्याहून जास्त बेस आवडणारा एक छोटा गट होता, त्यात तरुण मुलगे जास्त. म्हणजे बेस हे पाप नाही. पण त्या छोट्या गटाची आवड ताणून ताणून सगळ्यांच्या कानात कोंबणं, याला पब्लिकची आवड म्हणत नाहीत. मेन्यूवर एकच पदार्थ ठेवायचा आणि मग म्हणायचं, बघा, सगळे हाच मागवतात!

लोकलमध्ये गाडीचा घरघराट गाण्याचा बेस खाऊन टाकतो, म्हणून जास्त बेस लागतो, हा मुद्दा मात्र खरा आहे. पण त्यावर इलाज बेस वाढवणं नाही, घरघराट अडवणं हा आहे. डब्यात आलेल्या तीन मापांच्या रबरी टिप्सपैकी आपल्या कानात नीट बसणारी लावली, तर अर्धं काम तिथेच होतं. किती जण त्या बदलून बघतात? नाहीतर आपण एकच गोष्ट करतो, आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलला फक्त ४ तास. शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून व्हॉल्यूम वर नेणारा माणूस ट्यूनिंगची किंमत स्वतःच्या कानानं चुकवत असतो.

दुसऱ्या बाजूला आपले ऑडिओफाइल मित्र. ‘दीड हजारात अजून काय मिळणार? पंचवीस हजार टाक, मग बोल.’ ही मंडळी नकळत त्याच कंपन्यांची वकिली करतात. पैसे कमी असलेल्याला संगीत ऐकू येण्याचा हक्कच नाही, धडधड मिळाली तरी खूप झालं, असाच या दोघांचा सूर आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ते ऐकणाऱ्या घरांतल्या रेडिओला ना खोल बेस होता ना झगमगीत ट्रेबल. पण गदिमांचा शब्द अन् शब्द पोचत होता. त्या रेडिओला जमलं ते आजच्या बड्सना जमू नये, हे तंत्राचं अपयश नाही. ते ऐकणाऱ्याला कमी लेखणं आहे.

आणि ‘पैसा वसूल’चा हिशेबही एकदा मांडा. बडमधली इवलीशी बॅटरी बदलता येत नाही. १,२०० चा जोड दोन वर्षं चालला तर वर्षाला ६०० पडतात. १,८०० चा चांगला वायरवाला पाच वर्षं टिकला तर ३६०. फोनला जॅक नसेल तर वर एका अडॅप्टरचा खर्च. वायर नको असेल तर नका घेऊ, सोय ही खरी गोष्ट आहे. पण मग आपण सोयीचे पैसे देतोय हे तरी माहीत असू द्या.

पुढचा जोड घ्याल तेव्हा परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी ऐका. फक्त तानपुऱ्यावर चालू होणारा एखादा ख्याल. शब्द पाठ असलेलं एखादं भावगीत. आणि ‘सैराट’चं संगीत, ज्याच्यासाठी अजय-अतुल हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजपर्यंत गेले. तिथली व्हायोलिन्स ढोलाखाली गाडली गेली, तर आधी ॲपमध्ये बेस कमी करून बघा. तरीही वर आली नाहीत, तर जोड परत करा. कारण विचारलं की ‘आवडलं नाही’ लिहू नका. ‘शब्द ऐकू येत नाहीत’ असं लिहा.