रिकाम्या चौकटींना मंजुरी

शासकीय संकेतस्थळाचा प्राथमिक आराखडा, म्हणजेच वायरफ्रेम, समितीपुढे येतो तेव्हा त्यात करड्या चौकटी आणि ‘लोरेम इप्सम’ हा निरर्थक लॅटिन मजकूर असतो. रिकाम्या चौकटीवर आक्षेप कोण घेणार? मंजुरी तत्काळ मिळते. चर्चा रंगते ती बोधचिन्हाच्या जागेवर आणि मान्यवरांच्या छायाचित्रांच्या आकारावर.

पहिली रेखाटने ढोबळच असावीत. मांडणी बदलणे तेव्हा स्वस्त पडते. परंतु मंजुरीपूर्वी त्यांत तपशील भरलाच पाहिजे, आणि तो रंगांचा नव्हे, शब्दांचा. ‘तिरुवनंतपुरम’ चौकटीत मावते का? तामिळनाडूत असंख्य लोक आडनाव लावत नाहीत, नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लिहितात. त्यांनी ‘आडनाव अनिवार्य’ या रकान्यात काय लिहावे? कागदपत्र नाकारले गेल्यास अर्जदाराला कारण कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत कळेल? देवनागरीतील मात्रा-उकारांसाठी ओळींत पुरेसे अंतर आहे का?

‘ते नंतर पाहू’ हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे. अर्थशास्त्रात याला खर्च दुसऱ्यावर ढकलणे म्हणतात: खात्याने वाचवलेला आठवडा अर्जदार हेलपाट्यांनी फेडतो. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही आली. उणीव नियमांची नाही, प्रश्न वेळेवर विचारण्याची आहे. रकान्यांना शीर्षकेच नसलेला कागदी अर्ज आपण कधी मंजूर केला असता का? मग पडद्यावरील अर्जाला निराळा न्याय कशासाठी?