टेकडी ओसाड नाही, बघा तर खरं!

परीक्षा संपल्या की सुट्टीचे प्लॅन थेट ताडोबापर्यंत धावतात. वाघ दिसेल न दिसेल, खिसा मात्र नक्की रिकामा होतो. त्याआधी एकदा सकाळी सहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाऊन या.

मे महिन्यात टेकडी पार करपलेली दिसते. गवत वाळलेलं, झाडांची पानं झडलेली. पण प्राणी-पक्षी बघायला हाच मोसम बरा. पानांचा पडदा नसल्यामुळे फांदीवरचा राखी धनेश चटकन नजरेत येतो. इतरत्र पाणी आटलेलं असतं, म्हणून जुन्या दगडखाणीतल्या पाण्यावर पक्षी उतरतात. तिथे जरा लांब, गप्प बसून राहा. उघड्या माळावर टिटवी अंडी घालते, तीही खड्यांत खडा वाटावा अशी. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर घरटं जवळच आहे असं समजा आणि मागे फिरा.

आता मुद्द्याचं. याच टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षं गाजतोय. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले. वाहतूक कोंडी खरी आहे; कोथरूडहून कॉलेजला येणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. पण अशा वादात ‘तिथे आहे काय? नुसते दगड आणि गवत!’ हे हमखास ऐकू येतं. उन्हाळ्यातला फोटो बघितला की ते पटतंही. टिटवीचा संसार नेमका त्या दगड-गवतातच असतो, हे फोटोत दिसत नाही. माळ गेल्यावर दुसरीकडे कितीही झाडं लावली, तरी तिची भरपाई होत नाही.

म्हणून नुसतं बघू नका, नोंद ठेवा. काय दिसलं, किती, कुठे, कधी. ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट ही ॲप मोफत आहेत. एका सकाळच्या नोंदीने काही सिद्ध होत नाही. पण दर आठवड्याच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी असल्या, तर ‘तिथे आहे काय?’ या प्रश्नाला भावनेने नाही, यादीने उत्तर देता येतं. फक्त घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका आणि रीलसाठी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका.

पुण्यात नसाल, तर तुमच्या शहरातही एखादी टेकडी, तळं, माळरान असेलच. त्यावर प्रकल्पाचा फलक लागण्याआधी तुमची वही भरायला लागू दे.