उन्हाच्या मापातही काटा मारतात!



बाजार समितीत माल काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. उसाच्या गाडीचे वजन दोनदा करून घेतो. मग शेतवस्तीवर दिव्यासाठी, पंख्यासाठी, झटका मशीनसाठी सौर संच घेताना डोळे का मिटतो?

पॅनेलचे वॅट सगळेच विचारतात. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधली लहानशी डबी म्हणजे चार्ज कंट्रोलर. तिची चौकशी कोणी करीत नाही. दुकानदार ती 'वर फुकट' देतो. पण उन्हाचे माप याच डबीत होते आणि काटाही इथेच मारला जातो.

हिशेब मांडू. 72 सेलचे 330 वॅटचे पॅनेल, त्यावर छापलेल्या आकड्यांप्रमाणे, साधारण 37 व्होल्टला 9 अँपिअर देते. 12 व्होल्टच्या बॅटरीला साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला की पॅनेल बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढले जाते. अँपिअर तेच 9, व्होल्ट मात्र 13. गुणाकार करा : 117 वॅट! पैसे मोजले 330 चे, पदरात पडले 117. क्विंटलमागे 64 किलोची कडती कोणत्या अडत्याने घेतली असती, तर आपण यार्ड बंद पाडले असते. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्ट वाया न घालवता त्यांचे अँपिअर करतो. तेच पॅनेल मग बॅटरीत 23-24 अँपिअर भरते.

म्हणून सगळ्यांनी महागडा एमपीपीटीच घ्यावा काय? मुळीच नाही. झटका मशीनला 36 सेलचे, 18 व्होल्टचे, 40-50 वॅटचे पॅनेल असेल तर साधा पीडब्ल्यूएम पुरतो. तिथे एमपीपीटी गळ्यात मारणाराही लुटारूच.

तिसरी लूट सर्वांत वाईट. आत पीडब्ल्यूएम, वर चिकटवलेली चिठ्ठी एमपीपीटीची! ही चोरी पकडणे अवघड नाही. 37 व्होल्टचे पॅनेल 12 व्होल्टच्या उतरलेल्या बॅटरीला जोडा आणि भर दुपारी पॅनेलच्या व बॅटरीच्या तारेतले अँपिअर मोजा. बॅटरीकडे जवळपास दुपटीहून जास्त जात असतील तर माल खरा. दोन्हीकडे सारखेच असतील तर चिठ्ठी खोटी. डीसी मोजणारा एक क्लॅम्पमीटर साऱ्या गावाला पुरतो.

आणखी दोन गोष्टी. थंडीत पॅनेलचे व्होल्ट वाढतात. मोकळे असताना 46 व्होल्ट देणारी दोन पॅनेल एकापुढे एक जोडली तर निफाडच्या थंडीत पहाटे बेरीज 97-98 वर जाते. कंट्रोलरची मर्यादा 100 असेल तर तो काठावर आहे आणि 75 असेल तर जळालाच. उलट, विदर्भातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात शिशाच्या बॅटरीला भरताना सुमारे अर्धा व्होल्ट कमी लागतो. तापमान न ओळखणारी डबी तिला उकळत ठेवते. पाणी आटते, प्लेटा जातात. मग रात्री झटका मशीन बंद आणि हरभरा रानडुकरांच्या स्वाधीन. विक्रेता म्हणणार, 'बॅटरीच खराब निघाली.'

'शेतकऱ्याला यातले काय कळते?' असे हे लोक म्हणतात. कळू दिले जात नाही, हे खरे दुखणे आहे. गुणाकार आम्हाला येतो. आकडे दाखवा!

म्हणून आमची मागणी साधी आहे. पक्क्या पावतीवर चार गोष्टी लिहून हव्यात : कंट्रोलरचा प्रकार, अँपिअर, पॅनेलकडचे कमाल व्होल्ट आणि तो शिशाच्या बॅटरीसाठी आहे की लिथियमच्या. सरकारी अनुदानाचा संच असला तरी हाच नियम. जो लिहून देणार नाही, त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. लिहून देऊन खोटा माल देईल, त्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगापुढे उभे करायचे.

ऊन फुकटचे आहे, पण डबीला घामाचे पैसे पडतात. या बैठकीतून परत जाताना प्रत्येक गावाने हा ठराव घेऊन जावा : माप पाहिल्याशिवाय माल नाही!