शीर शोधणारी सिस्टर

केमोच्या डे-केअरमध्ये डॉक्टर दिसतात पाच मिनिटं. उरलेले तीन-चार तास सिस्टरचे. आत्याच्या केमोच्या वेळी शेजारच्या स्टुलावर बसून मी हे पाहिलं. दर २१ दिवसांनी एक सायकल, आणि तिसऱ्या सायकलपर्यंत हाताच्या शिरा पार रुसून बसलेल्या. सिस्टर आधी शेक द्यायची, मूठ आवळायला लावायची, बोटानं चाचपत राहायची. घाई नाही, कारण डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. ते देताना ती जागची हलत नसे. सुई शिरेतच आहे ना, हे पुनःपुन्हा बघे. 'काकू, आज लघवी लाल होईल, घाबरायचं नाही हं,' हेही तीच सांगे (डॉक्टर ते सांगायचं विसरले होते). नोकरीतलं समाधान मोजायला म्हणे प्रश्नावल्या असतात. मी तिला सरळच विचारलं, या कामात समाधान मिळतं का, तर म्हणाली, 'वॉर्डात पेशंट चार दिवसांत घरी जातो, नावही लक्षात राहत नाही. इथे सहा-सहा महिने तोच चेहरा. केस गेलेला, आणि मग आलेलाही.' जे यायचे थांबतात, त्यांच्याबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. पगार, गर्दी, एकीच्या वाट्याला किती खुर्च्या, हे गाऱ्हाणं तिचंही होतं, आणि ते खोटं नव्हतं. आत्याची शेवटची सायकल झाली त्या दिवशी आम्ही डॉक्टरांना पेढे दिले. सिस्टरसाठी वेगळा पुडा आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.